तीसपैकी नऊ : मोखाड्याच्या आजीची परीक्षा आणि आमचा निकाल



गेल्या श्रावणात आम्ही मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका वारली आजीला नापास केले. 30 पैकी 9 गुण. कागदावर गुणांची बेरीज आम्हीच केली, खाली सहीही आमच्यातल्याच एकीने केली. त्यावर आता लिहितो आहोत, कारण त्या 9 गुणांनी आजीचे काय होऊ शकले असते हे नंतर कळले. आणि आपल्या चळवळीतली बरीच शिकलेली मुलं-मुली आरोग्य शिबिरांत, सर्व्हेत, फॉर्म भरण्याच्या कामात असतात. आम्ही केलेली चूक तुम्हीही करत असाल, किंवा उद्या कराल.

आम्ही म्हणजे चौघे. दोघांचे नर्सिंग झालेले, एक समाजकार्य शिकणारी, आणि एक जव्हारमध्येच वाढलेला, ज्याचे वडील आश्रमशाळेत शिक्षक होते. चौघेही बौद्ध, चौघांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांचे एक कपाट. शहरातून डॉक्टरांचे एक पथक येणार होते, त्यांना हाताखाली मुले हवी होती, आम्ही गेलो. बीपी, शुगर, वजन, आणि 60 च्या पुढच्यांसाठी एक वेगळा कागद : स्मरणशक्ती तपासणी. इंटरनेटवरून उतरवलेला, कोणीतरी मराठीत केलेला. डॉक्टर म्हणाले, सोपे आहे, प्रश्न विचारा, टिक करा, 24 च्या खाली आले की आमच्याकडे पाठवा.

तो कागद म्हणजे ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’. 1975 साली अमेरिकेत फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी रुग्णालयातल्या रुग्णांसाठी तयार केलेली 30 गुणांची कसोटी. जगभर वापरली जाते. 10 मिनिटांत होते, हाच तिचा मोठा गुण. आता ती अंगणवाडीच्या पडवीत, गोणपाटावर बसलेल्या आजीला कशी लागली ते एकेक करून सांगतो.

पहिला प्रश्न : हे कोणते वर्ष आहे? आजी गप्प. शून्य. तारीख? शून्य. महिना? आजी म्हणाली, “श्रावण.” आमच्या कागदावर ऑगस्ट होते. आमच्यातल्या एकाने पेन उचलले, थांबला, आणि शून्य लिहिले. ऋतू कोणता? आजी म्हणाली, “आवणी झाली, आता निंदणी.” आम्हाला ‘पावसाळा’ हवा होता. शून्य. आज विचार करतो तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. पावसाळा हा चार महिन्यांचा शब्द आहे. आवणी संपून निंदणी सुरू झाली हे पंधरा दिवसांच्या अचूकतेने सांगितलेले उत्तर आहे. आमच्यापेक्षा नेमके उत्तर देणाऱ्या बाईला आम्ही शून्य दिले! वार मात्र तिने बरोबर सांगितला, कारण त्या दिवशी बाजार होता. एक गुण.

मग ठिकाण. गाव बरोबर. कुठे बसलो आहोत? “बालवाडीत.” बरोबर. कितवा मजला? पाड्यावर मजला! हा प्रश्न आम्ही विचारला, मित्रांनो, शरमेने सांगतो, विचारला. राज्य? गप्प. जिल्हा? “ठाणा.” चूक, कारण 1 ऑगस्ट 2014 पासून जिल्हा पालघर. आजीचे माहेर जव्हारकडचे. तिच्या आधार कार्डावर 1 जानेवारी 1945 आहे. (पाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म 1 जानेवारीलाच झालेला आहे. सरकारी चमत्कार.) म्हणजे ती जन्मली तेव्हा जव्हार हे मुकणे राजांचे संस्थान होते. 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 ला महाराष्ट्र आला, पुढे ठाण्याचा पालघर झाला. तिच्या माहेरच्या उंबऱ्याने जागा सोडली नाही, सरकारेच बदलत गेली. बदललेल्या सरकारची नावे तिला कोणी येऊन सांगितली का? नाही. पण ती विसरली असे मात्र आम्ही लिहून टाकले.

पुढे तीन शब्द लक्षात ठेवायचे : सफरचंद, टेबल, नाणे. तिने सफरचंद आणि नाणे म्हणून दाखवले, टेबल म्हणताना अडली. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा “पैसा” म्हणाली. नाणे म्हणजे पैसाच, म्हणून एक गुण दिला. तिथे आम्ही फार उदार झालो होतो. 100 मधून 7 वजा करत जा : पाच गुणांपैकी शून्य. तीच आजी विड्याची पाने मोजताना चार विसा वर दोन असा हिशेब बोलता बोलता करते, हे आम्ही दुपारी पाहिले, पण तोवर कागद भरून झाला होता. घड्याळ दाखवले, ओळखले. पेन्सिल दाखवली, ओळखता आली नाही. एक अवघड वाक्य जसेच्या तसे म्हणा : ते ‘जर, तर, परंतु’वाले वाक्य इंग्रजीतून इतके वाईट उतरवले होते की आम्हालाच नीट म्हणता येईना. शून्य.

कागद उजव्या हातात घ्या, घडी घाला, खाली ठेवा. आजीने कागद उजव्या हातात घेतला, नीट घडी घातली आणि कमरेला खोचला. खाली ठेवला नाही. तीनपैकी दोन. सरकारी माणसाने हातात दिलेला कागद खाली टाकायचा नसतो, जपून ठेवायचा असतो, हे आयुष्यभर शिकलेली बाई ती. रेशनचा कागद, पट्ट्याचा कागद, दवाखान्याचा कागद. त्या एका हालचालीत किती शहाणपण आहे! कागद म्हणतो : चूक.

वाचा : येत नाही. एक वाक्य लिहा : येत नाही. एकात एक गुंतलेले दोन पंचकोन काढा : तिने पेन्सिल हातात धरली, जन्मात पहिल्यांदा, आणि आमच्याकडे पाहून हसली.

एकूण 9. कागदाच्या तळाशी लिहिले होते की 10 च्या खाली म्हणजे तीव्र. डॉक्टरांच्या टेबलावरून आजीला चिठ्ठी मिळाली : तीव्र स्मृतिभ्रंश संशयित, पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात न्यावे. मोठे रुग्णालय म्हणजे नाशिक किंवा ठाणे-मुंबई. चिठ्ठी अर्थातच इंग्रजीत.

आता जरा गणित करू. या कसोटीत वाचनाला 1, लेखनाला 1, आकृतीला 1 आणि वजाबाकीला 5 गुण आहेत. हे 8 गुण थेट शाळेचे आहेत. जी व्यक्ती शाळेत गेलीच नाही ती 30 वरून नव्हे, 22 वरून सुरुवात करते. आणि पास व्हायला 24 हवेत. म्हणजे स्मरणशक्तीचा पहिला प्रश्न विचारण्याआधीच ती नापास आहे. जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांत आदिवासींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक. तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या किती बायका शाळेत गेल्या असतील? ही कसोटी त्यांच्या मेंदूचे वय मोजत नाही. त्यांच्या लहानपणी पाड्यावर शाळा नव्हती, एवढेच मोजते. शाळा न देण्याचा गुन्हा व्यवस्थेचा आणि शेरा आजीच्या नावावर.

हे नुसते अपमानाचे प्रकरण असते तर आम्ही आपापसात बोलून सोडून दिले असते. पण शिबिर आवरताना आजीचा पुतण्या आला. हातात ती चिठ्ठी. विचारले, “दादा, हिला काही समजत नाही असं लिहिलंय ना यात? तलाठ्याकडे चालेल का हा कागद?”

आजीच्या नावावर वनहक्काचा पट्टा आहे. नवरा गेला, मुलगा गेला, सून वीटभट्टीवर भिवंडीकडे. पुतण्या वाईट माणूस आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याची स्वतःचीही पोरे आहेत आणि जमीन मूठभर. पण त्या क्षणी आमच्या पायाखालची जमीन सरकली. आम्ही टिक केलेल्या कागदाने एका बाईची जमीन जाऊ शकते हे आमच्या डोक्यातच आले नव्हते.

कायद्याने असे होऊ शकत नाही, हे आम्ही नंतर नीट वाचले आणि तुम्हीही पाठ करून ठेवा. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे पट्टा विकता येत नाही, हस्तांतर होत नाही, तो वारसानेच जातो. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चे कलम 3 स्पष्ट सांगते की एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे त्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरून किंवा तो कोणत्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाचा आहे यावरून ठरवता येणार नाही. आणि आजार ठरला तरी तेवढ्यावरून माणूस ‘विकल मनाचा’ ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. कायदा इतका चांगला आहे. पण पाड्यावर कायदा चालतो की कागद चालतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला हवे का? आम्ही पुतण्याला बसवून सांगितले, डॉक्टरांशी थोडे वाजले, आणि ती चिठ्ठी परत घेतली.

रात्री मुक्कामाला आमच्यात भांडण झाले. एक जण म्हणाला, ही सगळी कसोटीच ब्राह्मणी आहे, फाडून टाका. जो मोजतो त्याच्या घरातली भाषा, त्याच्या शाळेतले गणित, त्याचे कॅलेंडर; आणि ते ज्याच्याकडे नाही तो मंदबुद्धी. हेच तर ‘मेरिट’ आहे ना? हे तो हवेत बोलत नव्हता, याला इतिहास आहे. बाबासाहेबांनी कोलंबिया सोडले 1916 ला. त्यानंतर वर्षभरात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्सच्या पथकाने लाखो सैनिकांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. निरक्षरांसाठी, इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी कसोटी केली, आणि त्यात चित्रातले काय राहिले ते ओळखा असे विचारले : टेनिस कोर्टात जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या शेतकऱ्याने टेनिस कुठे पाहिले असणार? 1923 मध्ये कार्ल ब्रिगहॅमने त्या आकड्यांवरून वंशांची उतरंड लावली आणि 1924 च्या स्थलांतर कायद्याच्या काळात असले आकडे हत्यार झाले. काळ्या समाजातला तरुण अभ्यासक होरेस मान बॉन्ड याने त्याच आकड्यांतून दाखवून दिले की उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा जास्त आहेत. मग वंश कुठे गेला? फरक शाळेचा होता. 1930 ला ब्रिगहॅमने स्वतःच आपली मांडणी निराधार असल्याचे कबूल केले. पण तोवर त्याने कॉलेज प्रवेशाची ‘सॅट’ परीक्षा उभी केली होती. मेरिटचे झाड कुठल्या मातीत लागले ते बघा.

आपल्याकडेही 1934 मध्ये व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. तो प्रामाणिक आणि मोठा प्रयत्न होता, यात शंका नाही. बिने-कामत कसोटी आजही अनेक ठिकाणी वापरतात. पण त्या काळात मराठी शाळेच्या बाकावर कोण बसत होते? आपले आजोबा बाहेर, दाराशी. वारली, कातकरी तर तेवढ्याही जवळ नव्हते. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली, तिच्यावर बाबासाहेब सदस्य होते. 1930 चा तो अहवाल आपल्या लोकांनी शाळेच्या मुद्द्यावरून पुन्हा वाचावा.

पण कसोटी फाडून टाका, या मताला आमच्यातल्याच दुसऱ्याने विरोध केला. तोच, ज्याचे वडील शिक्षक. त्याने जे सांगितले त्यानंतर कोणी काही बोलले नाही.

त्याचे वडील निवृत्त झाल्यावर तीनेक वर्षांत बदलू लागले. दूधवाल्याला एका महिन्यात तीनदा पैसे दिले. जव्हारच्या एसटी स्टँडवरून, जिथून ते चाळीस वर्षे गाडी पकडत होते, घरी येताना चुकले आणि संध्याकाळी कोणीतरी आणून सोडले. शहरातल्या एका दवाखान्यात हीच कसोटी झाली. 30 पैकी 27. शिक्षक माणूस! तारीख, जिल्हा, वजाबाकी, सगळे फाडफाड. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे, वयोमानाने होते. घरचे निर्धास्त झाले. शिवाय ते रोज सकाळी त्रिशरण, पंचशील, पूर्ण बुद्धवंदना एक शब्द न चुकता म्हणत. लोक म्हणत, कोण म्हणतो सर विसरले? पण वंदना म्हणून झाल्यावर दहा मिनिटांनी ते विचारत, आज वंदना झाली का? दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून अल्झायमर सांगितला. ती दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत घरात चिडचिड झाली, सरांना मुद्दाम करता म्हणून ओरडले गेले. त्याची आई अजून त्यावर रडते.

म्हणजे एकच कागद. शाळा न मिळालेल्या आजीला तो आजारी ठरवतो आणि शाळेत आयुष्य घालवलेल्या आजाऱ्याला तो ठणठणीत ठरवतो. दोन्हीकडे तो शाळाच मोजतो. मग उपाय काय, तपासणीच नको? तर मग आजारी माणसाला ‘म्हातारचळ’ म्हणून कोपऱ्यात बसवणे हा आपला जुना उपाय आहेच. देशात 60 वर्षांवरच्या लोकांत साधारण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासाचा अंदाज आहे; बायकांत आणि खेड्यात प्रमाण जास्त. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, जव्हार-मोखाड्यात पोरे कुपोषणाने मरतात, तिथे हे श्रीमंतांचे आजार काय घेऊन बसलात. 1992 चे वावर-वांगणी आम्हीही विसरलेलो नाही. पण ज्या घरात पोर उपाशी असते त्याच घरात तिची आजीही असते, आणि आई भट्टीवर गेली की पोर आजीच्याच भरवशावर असते. आजीचे डोके ठिकाणावर आहे की नाही, हा प्रश्न त्या पोराच्या पोटाचाही आहे.

मग आम्ही वाचायला लागलो. आणि कळले की आमचा शोध काही नवा नाही, जगात लोकांनी यावर घाम गाळला आहे. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत 1990 च्या दशकात गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी कसोटी बेतली. तिथे 100 मधून 7 नाही, 20 मधून 3. वाचून डोळे मिटा असे नाही, तर माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा. वाक्य लिहा असे नाही, तर तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. इतके साधे! ऑस्ट्रेलियात सिडनीकडे निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांसाठी 2004 मध्ये ‘रुडास’ नावाची कसोटी झाली, बाजारातून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवा, उजवा पाय दाखवा, मूठ-तळवा आळीपाळीने करा, अशी. तिची केरळात मल्याळममध्येही चाचणी झाली. त्याच देशात किंबर्ले भागातल्या आदिवासींसाठी त्यांच्याच संस्थांना बरोबर घेऊन वेगळी कसोटी बांधली, 2006 मध्ये. तिच्यात तारखेच्या मागे न लागता, हा पेन्शनचा आठवडा आहे का, असे विचारतात. हे वाचून आम्हाला आमची बाजारवाली आजी आठवली. कॅनडात क्री आदिवासींमध्ये काम करताना आणखी एक मोठी गोष्ट पुढे आली : फक्त म्हाताऱ्याला विचारू नका, त्याच्या घरच्यालाही विचारा, की पूर्वी हा काय काय करायचा आणि आता काय जमत नाही. माणसाची तुलना पुस्तकाशी नाही, त्याच्या स्वतःच्या कालच्याशी.

मराठीचे काय? आयसीएमआरने देशातल्या भाषांसाठी कसोट्यांचा संच तयार केला, त्यात सुरुवातीच्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही. आणि मराठी आली तरी ती कोणाची मराठी? वारली, कोकणा, कातकरी यांच्या बोलीत कोण करणार? शाळेत आपल्याच आयांच्या बोलीला अशुद्ध म्हणून हसले गेले, तेव्हा आपण चिडलो होतो. त्या दिवशी पडवीत आम्ही पुणेरी कागदी मराठीत प्रश्न विचारत होतो. शिका, संघटित व्हा म्हणून शिकलेले आम्ही, आणि शिकून झाल्यावर पहिली परीक्षा कोणाची घेतली? वारली म्हातारीची.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. या वेळी डॉक्टर नाहीत, गोणपाट नाही, गर्दी नाही. बरोबर पाड्यावरची आशाताई, जी आजीच्याच बोलीत बोलते. आशाताईंच्या सरकारी तपासणी फॉर्ममध्येही 60 वरच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? ताई हसून म्हणाली, “पत्ता म्हणजे काय सांगणार ती? उंबराच्या खालचं घर. आणि नवऱ्याचं नाव विचारलं तर ती घेणारच नाही, विसरली म्हणून नाही, घ्यायचं नसतं म्हणून.” हे आपल्याही आज्यांचे होते की नाही? मग आम्हाला का सुचले नाही?

चुलीपाशी बसून गप्पा झाल्या. तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की आजीला एका कानाने जवळपास ऐकू येत नाही, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पेन्सिल ती ओळखू शकली नाही, कारण पेन्सिल तिला दिसलीच नव्हती! मेंदू तपासायच्या आधी कान आणि डोळे तपासा, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे ज्ञान आमच्यातल्या दोघांना होते. शिबिराच्या घाईत ते कुठे गेले, माहीत नाही. मुलगा गेल्याला दीड वर्ष झाले होते, तेव्हापासून ती कमी बोलते, कमी खाते. दुःखानेही माणूस विसरतो. थायरॉइडने, जीवनसत्त्व बी-12 च्या कमतरतेनेही विसरतो, आणि ते बरे होणारे असते. त्या रक्ततपासण्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना सांगून करून घेतल्या.

दुसरी गोष्ट, ते “नाय माहीत”. शिबिरात तिने अर्ध्या प्रश्नांना हेच उत्तर दिले होते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यांना विचारत फिरत होता : उत्तरेत बर्फ आहे तिथे सगळी अस्वले पांढरी, अमुक गाव उत्तरेत, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? लोक म्हणत, आम्ही पाहिली नाहीत, पाहिल्याशिवाय कसे सांगू. हा एक प्रकार. पण मोखाड्यात आणखी एक आहे. फॉरेस्टचा गार्ड, सावकाराचा माणूस, पोलीस, सगळे पाड्यावर प्रश्नच घेऊन आले. लाकूड कोणी तोडले, कर्ज कोणी घेतले, मुलगा कुठे आहे. “नाय माहीत” ही पिढ्यान्‌पिढ्यांची ढाल आहे. पँट-शर्टातल्या अनोळखी पोरांना ती ढाल दाखवणे हे डोके ठिकाणावर असल्याचे लक्षण आहे, असे आम्ही आता मानतो.

तिसरी. आजी धवलेरी आहे. वारली लग्नात लग्न लावणारी, रात्रभर गाणी म्हणणारी. हे ऐकल्यावर आम्ही आनंदाने उडालोच : इतकी गाणी तोंडपाठ, मग कसला स्मृतिभ्रंश! पण शिक्षकाचा मुलगा गप्प होता. मग म्हणाला, “बाबांची वंदना पण तोंडपाठ आहे.” खरे होते. जुने पाठांतर शेवटपर्यंत टिकते. त्यावरून काही सिद्ध होत नाही. आपल्या बाजूचा पुरावा मिळाला की तो तपासायचा नाही, ही सवय चळवळीत आम्हाला लागली आहे. त्या दिवशी मोडली.

म्हणून आम्ही अलीकडचे विचारले. ताईने विचारले खरे तर, आम्ही बसून होतो. गेल्या शिमग्यानंतर कोणाकोणाची लग्ने लावलीस? तिने चार घरे सांगितली, एका घरातून ठरलेले भात अजून आले नाही हेही सांगितले. ताईने नंतर त्या घरी विचारले. खरोखर आले नव्हते. रेशन मागच्या वेळी किती मिळाले, कमी का मिळाले. शेजारणीला विचारले : चूल पेटवते का, भाकरी करपते का, शेळी कोणाच्या घरी बांधून येते का, रस्ता चुकली का कधी? शेजारीण म्हणाली, ऐकू येत नाही म्हणून भांडते, विसरत नाही.

मग ताईने ओसरीवर तांदळाचे पीठ दिले. आजीने, डोळे जवळ नेऊन, बोटाने चौक काढायला घेतला : चार बाजू, आत रेघांच्या नक्षीच्या पट्ट्या. पंचकोनात शून्य मिळवणाऱ्या बाईचा हात एकदाही थांबला नाही. यात आम्ही गुण लावले नाहीत.

इथे एक सावधगिरी. आम्ही विचारलेले हे प्रश्न म्हणजे कसोटी नव्हे. कसोटी करायची तर शेकडो माणसांवर ती लावावी लागते, आजारी आणि निरोगी दोघांवर, आणि मग ठरते की कितीच्या खाली काळजी करायची. ‘रुडास’मध्ये गर्दीचा रस्ता कसा ओलांडाल असा प्रश्न आहे, आमच्या मनात आले की त्याऐवजी पूर आलेला ओहोळ कसा ओलांडाल असे विचारावे. चांगले वाटते, पण प्रश्न बदलला की जुने आकडे लागू होत नाहीत. भावनेने हे काम होणार नाही, आकडेवारी शिकलेली माणसे लागतील. आपल्या समाजातली किती मुले आज मानसशास्त्रात, संख्याशास्त्रात एमए, पीएचडी करत आहेत! प्रबंधाला विषय शोधत फिरतात. वारली, कोकणा, कातकरी बोलीतली एक प्रमाणित कसोटी, तिथल्याच शिकलेल्या आदिवासी मुला-मुलींना पुढे ठेवून, आपण मागे राहून. वर्षातून कधी करायची हेही आधी ठरवा : दिवाळीनंतर निम्मा पाडा भट्टीवर जातो, तेव्हा घरच्या माणसाला विचारायचे म्हटले तर घरात माणूसच नसते.

या वर्षी आम्ही दोनदा जाऊन आलो. शिबिरवाल्या पथकाला पत्र लिहिले, त्यांचे उत्तर आले नाही. आजीच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याची तारीख डॉक्टर जुलैमधली देत होते. आजीने ताईकरवी सांगितले, आवणी झाल्यावर. ताईने आपल्या वहीत ऑगस्टचा दुसरा आठवडा लिहून घेतला आहे.